हंगामापूर्वीची पारख

मराठीत 'हंगाम' हा शब्द शेतालाही लागतो आणि मैदानालाही. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावात हंगाम म्हटले की आधी खरीप, सोयाबीन-तुरीची पेरणी आणि मृगाचा पाऊस डोळ्यांपुढे येतो. पण अशाच गावातून महाविद्यालयात गेलेल्या आणि तेथील बास्केटबॉल संघात गार्ड म्हणून उभ्या राहिलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने येता हंगाम म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून होणारी विद्यापीठ संघाची निवड, निवड झालीच तर प्रशिक्षण शिबिर आणि त्यापुढचे आंतरविद्यापीठ सामने. दोन्हीकडे हंगामाच्या तोंडावर एकच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे जे अजून उगवलेले नाही त्याचा अंदाज आज कशावरून बांधावा. शेतीने या प्रश्नासाठी 'उगवणक्षमता' ही मोजता येणारी कल्पना घडवली आहे, तर खेळाडूबद्दल बोलताना 'क्षमता' हा शब्द सढळपणे वापरला जातो आणि त्याचा अर्थ मात्र क्वचितच तपासला जातो. ही तपासणी करायची झाल्यास बियाण्याच्या परीक्षेपासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण ती परीक्षा या भागातील शेतकऱ्याच्या ओळखीची आहे आणि तिच्यामागचा विचार दिसतो त्याहून खोल आहे.

सोयाबीनच्या बियाण्याचे कवच अतिशय पातळ असते आणि अंकुर त्या कवचाला लागूनच असतो, त्यामुळे मळणीयंत्राचा फटका बसला, पोती आदळली गेली किंवा थरावर थर रचून ठेवली गेली, तर बी बाहेरून टपोरे दिसत असतानाही आतून निकामी झालेले असू शकते. म्हणून पेरणीपूर्वी गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यावर दहा-दहा बियांच्या दहा ओळी मांडतात, वर दुसरा ओला तुकडा पसरून दोन्हींची गुंडाळी करतात, ती सावलीत ठेवून तिच्यावर पाणी शिंपडत राहतात आणि सहा-सात दिवसांनी उलगडून शंभरांपैकी किती बियांना धड कोंब आले ते मोजतात. सत्तर वा त्याहून अधिक बिया उगवल्या, तर ते बियाणे शिफारशीच्या मात्रेने पेरण्याजोगे मानले जाते. या साध्या कृतीत तीन शहाणपणाच्या गोष्टी आहेत: बियाच्या दिसण्यावर ती विश्वास टाकत नाही, दोन-चार बियांवरून निष्कर्ष काढत नाही, आणि एकरी किती पोती होतील याविषयी अवाक्षरही काढत नाही. उगवण ही बियाची गोष्ट आहे, तर उतारा हा बी, वावर, पाऊस, डवरणी आणि फवारणी या सर्वांच्या मेळातून येतो, हा भेद त्या गुंडाळीतच पाळलेला असतो. खेळाडूची पारख करताना या तिन्ही गोष्टींचा विसर पडतो.

प्रथम गार्ड म्हणजे कोण, हे पाहिले पाहिजे. बास्केटबॉलमध्ये एका संघाचे पाच खेळाडू एका वेळी मैदानात असतात. त्यांतील उंच खेळाडू कड्याजवळ वावरतात आणि गार्ड कड्यापासून दूर राहून खेळ चालवतात. त्यातही चेंडू पुढे आणून कोणती चाल खेळायची हे ठरवणाऱ्यास पॉइंट गार्ड आणि प्रामुख्याने दुरून फेक करणाऱ्यास शूटिंग गार्ड म्हणतात. मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते, कडे जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते, चेंडू ताब्यात आल्यापासून ८ सेकंदांत मध्यरेषा ओलांडावी लागते आणि २४ सेकंदांत कड्याकडे फेक करावी लागते. या मोजक्या सेकंदांचा हिशेब सर्वाधिक ज्याच्या डोक्यात चालतो तो गार्ड होय. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ रचला, तेव्हाच्या तेरा नियमांत चेंडू घेऊन पळण्यास मनाई होती आणि चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेण्याचा, म्हणजे ड्रिबलचा, उल्लेखही नव्हता. ती युक्ती खेळणाऱ्यांनी मागाहून काढली. गार्डचे जे मुख्य कसब आज मानले जाते, ते खेळाच्या जन्मदात्यालाही आधी दिसले नव्हते, ही गोष्ट भाकीत करणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पारखीतली पहिली चूक दिसण्यावर विसंबण्याची आहे. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण भाकिताचा एक सिद्धान्तच सांगते आणि क्रीडाक्षेत्रात तिचा अर्थ बहुधा शब्दशः घेतला जातो, म्हणजे पायांची लांबी पाहिली जाते. पंजाबातील एका खेड्यातून आलेल्या आणि सात फुटांहून उंच असलेल्या सतनाम सिंग यांना २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्स या संघाने ५२ व्या क्रमांकावर निवडले आणि एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, निवडप्रक्रियेत निवडले गेलेले ते भारतात जन्मलेले पहिले खेळाडू ठरले. तरीही एनबीएचा एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. उलट मग्सी बोग्ज या गार्डची उंची जेमतेम १६० सेंटिमीटर होती आणि तो त्याच लीगमध्ये १४ हंगाम खेळला. स्टीफन करी हा आणखी एक गार्ड शाळेतून बाहेर पडला तेव्हा त्याच्या सडपातळ देहाकडे पाहून बड्या महाविद्यालयांनी त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही, म्हणून तो डेव्हिडसन या लहान महाविद्यालयात गेला आणि २००७-०८ च्या हंगामात त्याने तीन गुणांच्या १६२ यशस्वी फेकी करून अमेरिकी महाविद्यालयीन खेळातील तोवरचा विक्रम मोडला. या उदाहरणांवरून उंची निरर्थक ठरत नाही. तिचा लाभ असतोच. मात्र जे डोळ्यांना सहज दिसते त्यालाच परीक्षक अधिक वजन देतो आणि निर्णयशक्तीसारखी गार्डच्या कामाची खरी सामग्री सहज दिसत नाही, म्हणून ती मोजणीतून निसटते, एवढे त्यांवरून नक्की म्हणता येते.

दुसरी चूक संख्येची आहे आणि तिच्यासाठीही मराठीत म्हण तयार आहे. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण स्वयंपाकघरात अगदी खरी ठरते, कारण एका भांड्यातील सर्व शितांना सारखेच पाणी आणि सारखीच आच मिळालेली असते. खेळाडूचे सामने अशा एकाच भांड्यात शिजलेले नसतात. एकात समोरचा बचाव ढिसाळ असतो, दुसऱ्यात कडक असतो, तिसऱ्याच्या आदल्या रात्री प्रवास झालेला असतो. शिवाय निव्वळ योगायोगाचाही वाटा मोठा असतो. ज्या गार्डची दुरून केलेली सरासरी तीनपैकी एक फेक कड्यात पडते, त्याने तीस फेकी केल्या तर दहा पडाव्यात अशी अपेक्षा असते, परंतु सात किंवा तेरा पडल्या तरी त्यात नवल नाही. तेरा पडल्या तर 'नवा तारा उगवला' अशी बोलवा होते, सात पडल्या तर 'चमक ओसरली' असे म्हटले जाते, आणि मुलगा दोन्ही वेळा तोच असतो. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना सरासरीकडे परतण्याचे जे तत्त्व मांडले, म्हणजे टोकाच्या मोजमापानंतरचे मोजमाप बहुधा मध्याकडे सरकते, ते येथेही लागू पडते. पहिल्या वर्षी झळकलेला खेळाडू दुसऱ्या वर्षी मंदावला की त्याच्या डोक्यात हवा गेली असा दोष त्याच्या माथी मारला जातो, तेव्हा पुष्कळदा हे तत्त्वच आपले काम करीत असते.

भारतीय विद्यापीठीय व्यवस्थेत ही अडचण अधिकच तीव्र होते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. त्यांतील महाविद्यालयांच्या स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो, जिथे पहिला टप्पा बाद पद्धतीचा असतो, म्हणजे एक पराभव झाला की संघ घरी परततो. डेव्हिडसनच्या संघाला २००७-०८ च्या एका हंगामात ३६ सामने खेळायला मिळाले होते, तर वाशीमकडच्या एखाद्या गार्डचा आंतरविद्यापीठ हंगाम दहा-दहा मिनिटांच्या चार डावांत, अवघ्या ४० मिनिटांत, संपू शकतो. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो हंगाम एका दुपारपुरता असेल, तर त्यात दिसलेल्या खेळावरून क्षमता ठरवणे म्हणजे गोणपाटावर तीन बिया ठेवून अख्ख्या पोत्याचा निकाल देण्यासारखे होय.

मग पाहावे तरी काय, या प्रश्नाचे उत्तर सामन्याच्या गुणफलकापेक्षा सरावात अधिक सापडते. फ्री थ्रो, म्हणजे नियमभंगाबद्दल मिळणारी मोकळी फेक, कड्याच्या पाठीमागील फळ्यापासून ४.६ मीटरवरील रेषेवरून करायची असते. समोर कोणी अडवत नाही, अंतर बदलत नाही, त्यामुळे बास्केटबॉलमध्ये एका भांड्यातील शिते म्हणता येतील अशा याच फेकी आहेत. दमलेल्या अवस्थेत, वेगवेगळ्या दिवशी मिळून केलेल्या अशा शंभर फेकी मनगटाविषयी जे सांगतात, ते दोन सामन्यांतील गुण सांगू शकत नाहीत. बाकीचे गुण मोजण्यापेक्षा न्याहाळण्याचे आहेत. सरावात गार्डवर एकाच वेळी दोन बचावपटू सोडावेत आणि पाहावे: त्याची मान खाली चेंडूकडे जाते की नजर वर राहून मोकळा झालेला साथी शोधते, डाव्या बाजूला वळावे लागले तर चेंडू डाव्या हातात सुखरूप राहतो की शरीर पुन्हा उजवीकडे वळते, चेंडू हिसकावला गेला तर पुढच्या तीन सेकंदांत तो हात झटकून पंचांकडे पाहतो की पाठ फिरवून आपल्या कड्याकडे धावतो. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत बोलकी आहे, कारण चुका कमी होणे हे अनुभवाचे फळ असते, पण चुकीनंतर लगेच सावरणे ही वृत्ती असते, आणि शिकण्याची खरी उगवणक्षमता याच वृत्तीत असते.

तरीही कोंब आला म्हणजे पीक आले असे होत नाही, हा तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. ड्रिबलला टणक आणि सपाट जमीन लागते. वऱ्हाडची काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर आपटलेला चेंडू हाताशी नीट परत येत नाही. कबड्डी आणि खो-खो या मातीत सहज रुजले, १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले, पण बास्केटबॉलला मात्र काँक्रीटची चौकट हवी असते. मुंबईच्या नागपाड्याचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. दाट वस्तीच्या त्या एका भागातून भारतीय संघाचे एकामागून एक खेळाडू निघाले, देशाच्या संघाचे नेतृत्व केलेले आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर तिथलेच. तिथली मुले जन्मतःच वेगळी होती असे कोणी म्हणणार नाही, तर मैदान आणि कडे चालत जाण्याच्या अंतरावर होते आणि संध्याकाळी वडीलधारे खेळाडू तिथे हजर असत, हेच त्याचे उघड कारण आहे. याचाच अर्थ, ज्याला खेळाडूची क्षमता म्हणतात तिचा मोठा हिस्सा त्याच्या शरीराबाहेर, त्याच्या घरापासून मैदानापर्यंतच्या अंतरात साठवलेला असतो. शाळकरी वयात कडे न पाहिलेला आणि महाविद्यालयात प्रथमच चेंडू हाती घेतलेला मुलगा दोन वर्षांत जिथवर पोहोचतो, तिथवर दहा वर्षांचा असल्यापासून खेळणारा शहरी मुलगा कधीच पोहोचून थांबलेला असू शकतो. दोघांचे आजचे कसब सारखे दिसले, तरी वाढीचा वेग सारखा नसतो.

वेळेचेही तसेच आहे. पावसाळा ओसरता ओसरता महाविद्यालयीन स्पर्धा आणि सोयाबीनची सोंगणी एकमेकींच्या अंगावर येतात, त्यांच्या मागोमाग सत्र परीक्षा असते, आणि शेतकऱ्याच्या मुलाला सराव बुडवून वावरात जावे लागते. ही अनुपस्थिती शिबिराच्या हजेरीपटावर केवळ 'गैरहजर' म्हणून नोंदली जाते. त्याच वेळी घरच्यांची अपेक्षा असते की मुलाने विद्यापीठाचा 'कलर होल्डर' व्हावे, म्हणजे विद्यापीठाकडून खेळून मानाचा रंगीत कोट मिळवावा, आणि पुढे खेळाडूंसाठी महाराष्ट्रात असलेल्या पाच टक्के आरक्षणातून नोकरीचे दार उघडावे. ही अपेक्षा अयोग्य नाही, खेड्यातल्या मुलाला खेळत राहण्याचे ते एक खरे कारण असते. पण तिच्यामुळे त्या चाळीस मिनिटांवर सगळ्या घराचे ओझे येते आणि ज्या पदन्यासात सहजता हवी त्यात धास्ती शिरते.

या सर्व विवेचनाचा रोख भाकीत करूच नये असे सांगण्याकडे नाही, तर भाकीत कोणासाठी केले जाते याकडे आहे. गोणपाट उलगडल्यावर सत्तरऐवजी साठच कोंब मोजले गेले, तर समजदार शेतकरी बियाण्याला दोष देत बसत नाही आणि ते पोते टाकूनही देत नाही. तो एकरी बियाण्याची मात्रा त्या प्रमाणात वाढवतो, बीजप्रक्रिया करतो आणि पुरेशी ओल झाल्याखेरीज, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याखेरीज, पेरणीला हात घालत नाही. ती परीक्षा बियाची असली, तरी तिच्या निकालाने ठरते ते पेरणाऱ्याचे काम. खेळाडूच्या बाबतीतही हंगामापूर्वीची पारख याच अर्थाने व्हायला हवी: डावा हात कच्चा आढळला, तर त्यासाठी दररोज किती वेळ आणि कोणाच्या देखरेखीखाली द्यायचा, सामने कमी पडत असतील, तर शेजारच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांशी मैत्रीपूर्ण सामने कधी ठरवायचे, सोंगणीचे दिवस ठाऊक आहेत, तर शिबिर कधी भरवायचे. 'या मुलात क्षमता आहे' हे वाक्य जो प्रशिक्षक उच्चारतो, त्याने त्या मुलाविषयी निम्मेच विधान केलेले असते. उरलेले निम्मे स्वतःच्या कामाविषयी असते, आणि हंगाम संपल्यावर हिशेब मांडताना ते निम्मेही त्याच ताळेबंदात धरले गेले पाहिजे.