ज्याला गुण नाहीत

बारावीत शिकणारी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी परवा रसायनशास्त्राचे पुस्तक घेऊन भेटावयास आली. हरित रसायनशास्त्राचे प्रकरण तिला मुखोद्गत होते. पॉल अ‍ॅनास्टस व जॉन वॉर्नर यांनी १९९८ साली मांडलेली बारा तत्त्वे तिने क्रमाने सांगितली. त्यांतील पहिलेच असे, की कचरा निर्माण करून मग निस्तरण्यापेक्षा तो निर्माणच होऊ देऊ नये. आम्ही सहज विचारले, "बाळ, प्रात्यक्षिकानंतर उरलेल्या द्रावणाचे काय करता?"

"बेसिनमध्ये ओततो, फादर. त्याला मार्क नसतात."

उत्तर प्रामाणिक होते, म्हणूनच ते मनाला लागले. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. विषय सक्तीने शिकविता येतो. वृत्ती मात्र सक्तीने येत नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते सदसद्विवेक म्हणजे आपले ज्ञान आपल्या कृतीला लावून पाहणे. मुलुंडच्या बेसिनमधले पाणी अखेर ठाण्याच्या खाडीकडेच जाते, हे ज्ञान. हातातली परीक्षानळी, ही कृती. या दोहोंना जोडणारा सांधा कोणत्या परीक्षेत तपासला जातो?

तरुणपणी रसायनतंत्राचे शिक्षण घेतलेल्या पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकात हीच उणीव दाखविली आहे: शिक्षण केवळ माहिती देऊन थांबले, तर सवयी घडत नाहीत.

उरलेले द्रावण बरणीत साठवून त्याचे काय करावे हे शिक्षकांना विचार, असे आम्ही तिला सांगितले. तिने मान डोलावली आणि विचारले, "फादर, आपल्या सणाच्या जेवणातल्या त्या प्लेट्स कुठे गेल्या?"

आम्ही निरुत्तर झालो. मुलुंडच्या कचराभूमीची दुर्गंधी आपण वर्षानुवर्षे सोसली. २०१८ साली तेथे कचरा टाकणे बंद झाले, तेव्हा आपण सुटकेचा निःश्वास टाकला. पण आपला कचरा थांबला नाही, त्याचा केवळ पत्ता बदलला. आता तो कांजूरमार्गच्या शेजाऱ्यांच्या दारी जातो. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचे प्रवचन आम्ही त्याच सणाच्या मिस्सेत दिले होते!

धर्मग्रामाच्या कोठीत स्टीलची ताटे आहेत. ती घासावयास हात हवेत. येत्या सणाला पहिले दोन हात आमचे असतील. त्यालाही गुण नाहीत.