रिकामा रकाना

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. शाळेच्या व्हरांड्यात आकाशकंदील टांगायचा होता. नववीतली एक चुणचुणीत मुलगी माझ्याच सांगण्यावरून बाकावर चढली आणि दोरी हाती घेते न घेते तोच तिला फेफरे आले. हनुवटीला तीन टाके पडले. तेवढ्यावर निभावले, हे नशीबच.

संध्याकाळी कचेरीत कारकुनाने संगणकावर तिचे पान उघडले. आजाराच्या रकान्यात सारे लिहिलेले! मी तेच पान माझ्या मोबाइलवर उघडले, तर तिथे तो रकानाच नव्हता.

ही व्यवस्था बांधणाऱ्या तरुणाने मला उलगडून सांगितले. माहितीचे कोठार एकच. मात्र विचारणारा कोण हे पाहून उत्तरातले रकाने ठेवायचे किंवा गाळायचे. कारकुनाला सारे, वर्गशिक्षकाला गुण आणि हजेरी, पालकाला आपल्या लेकरापुरते. हे गाळणे कोठाराशीच व्हायला हवे, असेही तो म्हणाला. काही ठिकाणी सगळे उत्तर धाडून देतात आणि पडद्यावर तेवढे झाकतात. पाकीट फोडता येणारा ते खुशाल वाचतो. ओवॅस्प या संस्थेने २०१९ साली अशा सेवांच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी केली, तीत ही चूक तिसरी होती.

मला राग आला होता तो मुलीच्या आईचा. ती आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, मुलीची जात. उद्या तिचं लग्न व्हायचंय. म्हणून मीच ऑफिसात सांगितलं होतं, कुणाला कळू देऊ नका." यावर काय बोलणार? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. ही माउली तोच हक्क मागत होती. शिवाय सारे रकाने सर्वांना उघडे असलेले जाडजूड रजिस्टरही मी हाताळले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यातली फीमाफीची यादी मी भर वर्गात खणखणीत आवाजात वाचली. एका मुलाने तेव्हा खाली घातलेली मान अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

तेव्हा झाकावे, हे मला मान्य. पण झाकले आहे, एवढे तरी कळू नये काय? आधारच्या झाकलेल्या प्रतीत बारापैकी पहिले आठ अंक फुल्यांखाली जातात, शेवटचे चार दिसतात. इथे काहीतरी आहे आणि ते तुमच्यासाठी नाही, असे ती फुली उघडपणे सांगते. माझ्या पानाने एकही खोटा शब्द उच्चारला नाही. तरीही मुलगी धडधाकट आहे, अशीच माझी समजूत झाली. "गोपनीय, मुख्याध्यापकांना विचारा" एवढे असते, तर मी तिला बाकावर चढवली नसती.

हे मी त्या तरुणाला मोठ्या तावातावाने सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"सर, हे 'गोपनीय' कुणाच्या नावापुढे लिहू? तिच्या एकटीच्या लिहिलं, तर सगळे शिक्षक ओळखतील. सगळ्यांच्या लिहिलं, तर तुम्ही कुणाकुणाची चौकशी करणार?"

वर्गात एकूण बावन्न मुले. सुट्टी संपल्यावर सांगतो, असे म्हणून मी उठलो. ती सुट्टी संपून वर्ष होत आले. यंदा कंदील मीच टांगला.