तीन अग्नी, एक यज्ञ

आपली दर्शने ईश्वराविषयी एकमुखाने बोलत नाहीत. सांख्यांच्या तत्त्वगणनेत जगत्कर्त्या ईश्वरास स्थान नाही. योगशास्त्र त्यास पुरुषविशेष म्हणून स्वीकारते. नैयायिक त्याचे अस्तित्व अनुमानाने सिद्ध करतात. पूर्वमीमांसक वेद नित्य मानतात, परंतु जगाच्या उत्पत्तीसाठी कर्त्याची आवश्यकता मानीत नाहीत. वेदान्त्यांत तर जीव व ईश्वर यांचा संबंध कोणता, यावरच अद्वैत, विशिष्टाद्वैत आणि द्वैत असे पक्ष उभे आहेत.

हे सर्व वाचून घरातील शिकलेला मुलगा एके दिवशी विचारतो, “ज्याच्याविषयी पंडितांचेच एकमत नाही, त्याच्यापुढे रोज दिवा का लावावा?” प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. रागावून तो दडपला तर मुलाची श्रद्धा पोकळ होते. निरुत्तर होऊन पूजा सोडली तर घराचा आधार जातो. म्हणून गृहस्थाने याचे उत्तर शांतपणे शोधले पाहिजे.

ते शोधताना तंजावूरकडे दृष्टी टाकावी. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे सेवप्पा नायकाचे राज्य होते. त्याच्या सभेत अद्वैती शिवभक्त अप्पय्य दीक्षित, माध्व यती विजयींद्रतीर्थ आणि श्रीवैष्णव ताताचार्य असे तिघे आपापल्या मताची स्थापना करीत. त्या काळच्या एका दानपत्रात या तिघांना त्रेताग्नींची उपमा दिलेली आहे.

ही उपमा केवळ अलंकार नव्हे. श्रौत यज्ञात गार्हपत्याचे कुंड वर्तुळाकार, आहवनीयाचे चौकोनी व दक्षिणाग्नीचे अर्धचंद्राकार असते. तिन्ही अग्नी आपापल्या स्थानी प्रज्वलित राहतात. कोणी ते एकत्र कालवीत नाही. तरीही यज्ञ एकच असतो, आणि एक अग्नी विझू दिला तर तो विकल होतो. मतांचे भेद पुसून टाकणे म्हणजे समन्वय नव्हे. प्रत्येक मत आपल्या मर्यादेत तेजस्वी राहावे, हाच खरा समन्वय.

त्या सभेतील वाद सौम्य होता असेही नाही. अप्पय्य दीक्षितांनी मध्वमताच्या खंडनार्थ लिहिलेल्या ग्रंथाचे नावच ‘मध्वतंत्रमुखमर्दन’ आहे, आणि विजयींद्रतीर्थांनीही त्यांच्या आक्षेपांस ग्रंथांनीच उत्तरे दिली. परंतु याच दीक्षितांनी ‘चतुर्मतसारसंग्रह’ रचून मध्व, रामानुज, श्रीकंठ व शंकर या चारही आचार्यांच्या मतांनुसार ब्रह्मसूत्रांचा अर्थ मांडला. ज्याचे खंडन करावयाचे, त्याचे म्हणणे आधी त्याच्याच बाजूने नीट सांगता आले पाहिजे, ही शास्त्राची शिस्त होय. आणि वाद संपल्यावर दीक्षित शिवाची व यती विष्णूची आराधना पूर्ववत करीतच होते. श्रद्धा वादाच्या निकालावर टांगलेली नव्हती.

मग दर्शनाचे कार्य कोणते? श्रवण, मनन व निदिध्यासन या क्रमात त्याचे स्थान मधले आहे. ‘न्यायकुसुमांजली’च्या आरंभी उदयनाचार्य सांगतात की ईश्वराविषयीची ही युक्तिचर्चा म्हणजे श्रवणानंतरचे मनन, आणि म्हणून ती उपासनाच आहे. तर्क श्रद्धेला जन्म देत नाही. तो तिला पाखडतो. भय, लोभ आणि रूढी यांचा कोंडा उडून जातो, दाणा मागे राहतो. जगत्कर्ता न मानणारा मीमांसकही कर्तव्यकर्माविषयी शिथिल नसतो. उलट फळाची हमी देणाऱ्याची वाट न पाहता विहित कर्म करावे, हा कठोर धडा तो देतो.

शास्त्र न शिकलेल्यांचे काय? १६७६ मध्ये तंजावुरात मराठ्यांचे राज्य आले. रामदासी मठ स्थापन झाले, मराठी कीर्तन रुजले आणि पुढे तमिळ देशाच्या हरिकथेवरही त्याचा ठसा उमटला. कीर्तनाच्या पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण असते, उत्तररंगात भक्ताचे आख्यान. निरूपणातील एखादी सूक्ष्म गाठ न उकललेला श्रोताही आख्यानात डोळे पुसतो, आणि त्याचे ऐकणे व्यर्थ जात नाही.

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी हेच अभय दिले आहे. कोणी ध्यानाने, कोणी सांख्यविचाराने, कोणी कर्मयोगाने आत्म्यास पाहतात, असे सांगून ते पुढे म्हणतात की ज्यांना यांपैकी काही कळत नाही, परंतु जे इतरांकडून ऐकून श्रद्धेने उपासना करतात, तेही मृत्यूस तरून जातात.

म्हणून मुलाला सांगावे, “बाळ, विचारणे सोडू नकोस आणि दिवा लावणेही सोडू नकोस. प्रश्न प्रामाणिक असेल तर तोही देवापुढेच ठेव.” ज्या घरात प्रश्नाला भीती नाही आणि पूजेला खंड नाही, त्या घरात ज्ञान व भक्ती एकत्र नांदतात. असे घर प्रत्येकाचे होवो.