आजाऱ्याचा वाटा

विमा ही मुळात एकमेकांचे ओझे वाहण्याची व्यवस्था आहे. पुष्कळांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग ओढवेल त्याला त्यातून साहाय्य व्हावे, हे तिचे तत्त्व. तथापि अनेक आरोग्यविमा पॉलिसींत 'को-पेमेंट'ची अट असते. ती २० टक्के असेल, तर मंजूर झालेल्या १ लाख रुपयांच्या बिलापैकी ८० हजार कंपनी देते आणि २० हजार रुग्णाला भरावे लागतात. हप्ता भरूनही आजाऱ्याकडून असा वाटा मागणे न्याय्य आहे काय?

या अटीचे समर्थक म्हणतात, स्वतःच्या खिशाला थोडी झळ लागली की माणूस अनावश्यक उपचार टाळतो आणि सर्वांचाच हप्ता कमी राहतो. हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. परंतु १९७४ ते १९८२ या काळात अमेरिकेतील रँड संस्थेने केलेल्या प्रयोगात असे दिसले की, वाटा भरावा लागणाऱ्या लोकांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही कमी केले. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात त्यासाठी प्रयोगाची गरज नाही. 'कापूस विकला की बघू' असे म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलणारे कुटुंब मी पाहिले आहे. कागदावरचे २० टक्के सर्वांना सारखे असतात. नोकरदाराला आणि कोरडवाहू शेतकऱ्याला ते सारखे जड नसतात.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात याचे एक विचारपूर्वक उत्तर शोधले गेले. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास ग्रामीण आरोग्यविमा उभा केला. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. गावातील किमान ७५ टक्के कुटुंबे सामील झाली पाहिजेत, अशी अट होती. अकस्मात आलेल्या आजारावर रुग्णालयात मोफत उपचार होत. नेहमीच्या बाळंतपणासारख्या, आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी मात्र खर्चाचा काही भाग कुटुंबाने उचलावा, असे ठरले होते.

वाटा तेथेही होता. परंतु मुख्य वाटा खळ्यावर घेतला जाई, खाटेपाशी नव्हे. घरात धान्य असताना दिलेला वाटा शेजारप्रीतीचा असतो. वेदनेच्या क्षणी मागितलेला वाटा एकट्या आजाऱ्यावर पडतो.

म्हणून सही करण्यापूर्वी को-पेमेंट किती, ते अवश्य विचारावे आणि तेवढी रक्कम सुगीतच बाजूला काढावी. ज्या घराला तेही शक्य नाही, त्याचा वाटा कोणी उचलायचा? हा प्रश्न विमा कंपनीला विचारण्याआधी आपण शेजाऱ्यांनी स्वतःला विचारावा.