फळ्यावरचे नाव



ईस्टरनंतर घरे आशीर्वादित करण्यासाठी फिरत असताना एका घरी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी पांढरा फळा टांगलेला दिसला. कंपन्यांत असतो तसा, मार्करने लिहायचा. (घर कोणते ते विचारू नका. त्यांची परवानगी घेऊनच लिहितो आहे.) डावीकडे घरातल्या सहा जणांची नावे, वर सोमवार ते रविवार आणि चौकोनांत कामे : दूध, लाइट बिल, रोझरी सांगणे, धाकट्याचा गृहपाठ. काम झाले की बरोबरची खूण. घरचा कर्ता कारखान्यात सुपरवायझर, पत्नी शाळेत शिक्षिका. दोघांनी आपापल्या ठिकाणची शिस्त घरी आणली होती. मी कौतुक करणार तोच सगळ्यात खालची ओळ वाचली. तिथे ‘आजी’ असे लिहिले होते आणि पुढे : ‘गोळ्या ८.३०. गप्पा मंगळ, शुक्र ७ ते ७.३०.’

‘गप्पा’ हा शब्द चौकोनात कोंबलेला पाहून मला कसेसेच झाले. पुढच्या रविवारचे प्रवचन तिथल्या तिथे मनात तयार झाले. चहा घेताना मी आजींच्या शेजारी बसलो आणि हळूच विचारले, “आजी, तो फळा बघून वाईट नाही वाटत?”

त्या म्हणाल्या, “फादर, फळा नव्हता तेव्हा प्रत्येकाला वाटायचे, दुसरा कोणीतरी म्हातारीजवळ बसला असेल. कोणीच बसलेला नसायचा. आता मंगळवारी नातू येतो. सारखा घड्याळात बघतो, पण येतो.”

ते प्रवचन मी केले नाही. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. वेळापत्रकाप्रमाणे केलेले प्रेम हे प्रेम असते का? आपल्याला वाटते, प्रेम आपोआप उमलावे, ठरवून केले की त्यातला जीव जातो. ख्रिस्तसभेने मात्र असे कधी मानलेले नाही. रविवारच्या मिस्सेला आपण ओढ वाटली तरच येतो असे नाही, घंटा झाली की येतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली तेव्हा प्रार्थना, काम आणि वाचन यांच्या वेळा आखून दिल्या. संत थॉमस अक्वायनस सद्गुणाला सवयच म्हणतो, मनात मुरलेली चांगली सवय. भावना येईल तेव्हा येईल, तोवर पाय त्या दिशेने चालत राहिले पाहिजेत. पहाटेची लोकल पकडून रात्री नऊला परतणाऱ्या आईबापांच्या घरात काही ठरवलेलेच नसेल, तर जे निकडीचे तेच होते आणि म्हातारी माणसे सहसा निकडीची नसतात.

मग मला खटकले ते काय?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ नावाचे दांपत्य होऊन गेले. फ्रँक मूळचे गवंडी. एक वीट रचायला गवंडी १८ हालचाली करतो, त्या ५ वर आणता येतात हे त्यांनी दाखवून दिले आणि पुढे कारखान्यांना असा सल्ला देणे हाच दोघांचा व्यवसाय झाला. त्यांना १२ मुले. कारखान्यातली पद्धत वडिलांनी घरीही लावली. न्हाणीघरात तक्ता, दात घासले, अंघोळ केली की मुलांनी त्यावर नोंद करायची. कामे वाटायला कुटुंबाची सभा. मुलांपैकी दोघांनी १९४८ साली ‘चीपर बाय द डझन’ या पुस्तकात हे सगळे सांगितले आहे. वडील जाकिटाची बटणे खालून वर लावत, कारण त्याला ३ सेकंद लागत आणि वरून खाली ७. एकदा दोन हातांत दोन वस्तरे घेऊन दाढी करून पाहिली. गळा कापला, त्याचे दुःख नाही, पट्टी बांधण्यात दोन मिनिटे गेली याचे!

वाचताना हसू येते. पण मुलांच्या लिखाणात कडवटपणा नाही आणि याचे मला नवल वाटते. कारण बहुधा असे असावे : त्या सभेत मुलांच्या मताला खरी किंमत होती. वडिलांचा विरोध असताना मुलांनी कुत्रा घ्यायचा ठराव मंजूर केला आणि कुत्रा घरी आला. आणि एवढा वेळ वाचवून करायचे काय, असे कोणी विचारले तर वडिलांचे उत्तर तयार असे. ज्यात तुमचा जीव रमतो त्यासाठी, मग तो पोरखेळ का असेना. १९२४ साली, ५५व्या वर्षी, ते हृदयविकाराने अचानक गेले. वाचवलेले काही क्षण तरी मुलांच्या वाट्याला आले होते.

ॲरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाच्या आरंभीच बजावतो की राज्य चालवणे आणि घर चालवणे हे एकच काम लहान-मोठ्या आकारात आहे असे समजणे चूक आहे. घर म्हणजे छोटी कंपनी नव्हे. कंपनीत आधी जागा असते, मग त्या जागेसाठी माणूस शोधतात. तो गेला की दुसरा येतो, आणि तसे झाले नाही तर कंपनी बुडेल. घरात आधी माणूस येतो. दूध आज मुलाने आणले काय, मुलीने आणले काय, बिघडत नाही. पण मुलाच्या जागी दुसरा मुलगा चालत नाही. कामे वाटून देता येतात, माणसे कामांच्या यादीत घालता येत नाहीत. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ कामात एक दिवस चुकलेला नव्हता. पण बापाशी तो बोलतो ती भाषा पगाराची आहे : इतकी वर्षे राबलो, मला साधे करडू मिळाले नाही.

फळा पुन्हा आठवला तेव्हा माझ्या लक्षात आले. पाच जणांपुढे त्यांनी करायची कामे होती. आजीपुढे तिने करायचे एकही काम नव्हते. ती स्वतःच इतरांचे काम झाली होती. हे मी त्या दांपत्याला बोलून दाखवले. पुढच्या पहिल्या शुक्रवारी आजींना कम्युनियन द्यायला गेलो तेव्हा आजीच्या ओळीत बालहस्ताक्षरात भर पडली होती : ‘मला पत्ते शिकवणे.’ (मी रोझरीची अपेक्षा केली होती, पण असो.)

इतरांच्या घराविषयी इतके लिहिल्यावर माझ्या घराविषयीही लिहायला हवे.

सेमिनरीत उठण्याची, अभ्यासाची, जेवणाची, मौनाची घंटा असे. काही वर्षांत ती घंटा आत जाऊन बसते. धर्मगुरू झाल्यावर आईला फोन करायची वेळ मी ठरवून टाकली, दर बुधवारी रात्री नऊ. कितीही मीटिंगा असोत, बुधवार चुकवला नाही. याचा मला अभिमानही होता. एका बुधवारी सगळ्यांची खुशाली सांगून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता ती म्हणाली की मागच्या गुरुवारी मोरीत पाय घसरला, हाताला प्लास्टर आहे.

“अगं, सहा दिवस झाले! फोन का नाही केलास?”

“तुझा वार बुधवार ना रे. मध्येच कशाला त्रास द्यायचा?”

त्या रात्री मला झोप आली नाही. बुधवार मी पाया म्हणून घातला होता, आईने त्याला कुंपण मानले. चूक तिची नव्हती. मधल्या दिवशी तिने कधी फोन केलाच तर मी कोणत्या आवाजात “बोल” म्हणत असे, ते मला आठवत होते. ऑफिसात अचानक आलेल्या माणसाशी बोलतो तोच तो आवाज.

निर्गमच्या १८व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसतो. त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो, तू थकून जाशील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम. कामाच्या वाटणीवर बोलताना हा उतारा मीही कितीदा वापरला आहे. त्याच अध्यायाची सुरुवात मात्र मी घाईने ओलांडत आलो. इथ्रो सल्ला द्यायला आलेला नव्हता. मोशेपासून दूर असलेली त्याची बायको सिप्पोरा आणि गेर्षोम व एलियेजर ही दोन मुले यांना घेऊन तो आला होता. मोशे सासऱ्याला सामोरा गेला, त्याला वंदन केले, तंबूत नेले, असे तिथे लिहिले आहे. बायकोमुलांशी तो काय बोलला याविषयी अध्याय गप्प आहे. गप्प आहे म्हणून बोललाच नाही असे म्हणणे बरोबर नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा कामावर बसला होता, एवढे खरे.

बुधवार मी सोडलेला नाही. सोडला तर काय होईल हे मला त्या आजींनी शिकवले आहे. पण आता अधूनमधून भलत्याच वेळी, काही कारण नसताना फोन करतो. पहिल्यांदा केला तेव्हा आई घाबरली. काय झाले, काय झाले, विचारत राहिली. काही झाले नाही यावर तिचा विश्वासच बसेना. आता सवय झाली आहे. परवा दुपारी केला तर म्हणाली, “भाजी निवडते आहे, नंतर कर.”

आपला,
प्रमुख धर्मगुरू