बाकीच्या पालकांची हरकत

उन्हाळी वर्गाच्या त्या पत्राची छायाचित्रे एव्हाना दादर-माहीमच्या बहुतेक घरांत पोहोचली आहेत, तेव्हा त्याचा मजकूर येथे पुन्हा उतरवून मी जागा अडवीत नाही. साडेचार वर्षांच्या एका मुलाची भरलेली फी परत करताना संचालकांनी जी दोन वाक्ये लिहिली, त्यांपैकी पहिल्यात डाउन सिंड्रोम असलेल्या त्या मुलाविषयी अपार सहानुभूती व्यक्त झाली आहे आणि दुसऱ्यात, ‘आमची स्वतःची काहीच हरकत नाही, परंतु बाकीच्या पालकांचा विचार करावा लागतो,’ ही सबब पुढे करण्यात आली आहे. जागा अपुरी आहे, शिक्षिकेला तसले प्रशिक्षण नाही, अशाही एकदोन गोष्टी तोंडी सांगण्यात आल्या. पण त्या खऱ्या की खोट्या हे तपासता येते आणि खऱ्या असतील तर त्यांवर तजवीजही करता येते. बाकीच्या पालकांवर मात्र कोणतीच तजवीज चालत नाही, म्हणून या आठवड्यात मला त्यांच्याविषयीच लिहावयाचे आहे.

हे बाकीचे पालक आहेत तरी कोण? बालवाडीच्या प्रवेशापासून नृत्यवर्गापर्यंत, सहकारी गृहसंस्थेच्या बागेपासून वाढदिवसाच्या निमंत्रणापर्यंत, जेथे जेथे एखाद्या मुलाला आत घ्यावयाचे नसते तेथे तेथे ते हजर असतात, आणि तरीही त्यांना प्रत्यक्ष पाहिलेला इसम मला आजतागायत भेटलेला नाही. त्यांना नाव नाही, पत्ता नाही, त्यांची सही कोणत्याही कागदावर नाही. निनावी कागदांविषयीचा माझा तिटकारा या स्तंभाच्या वाचकांना परिचित आहे. तक्रार करणाऱ्याने नाव, गाव आणि तारीख घालून अर्ज करावा, निनावी अर्जाची दखल घेऊ नये, हा कचेऱ्यांतला जुना शिरस्ता माणसांच्या दीर्घ अनुभवातून निर्माण झालेला आहे. कारण ज्याला आपले म्हणणे स्वतःच्या नावाने मांडण्याची हिंमत होत नाही, त्याच्या म्हणण्यावरून दुसऱ्याचे नुकसान होऊ देणे हा अन्याय आहे, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. येथे तर फिर्यादी गैरहजर, फिर्याद अलिखित, साक्ष कोणाचीच नाही, आणि निकाल मात्र लागलेला आहे, तोही अशा मुलाच्या विरुद्ध की ज्याला अजून स्वतःच्या सदऱ्याची गुंडी लावता येत नाही.

या सबबीची घडण नीट पाहिली म्हणजे तिच्यातली फसवणूक ध्यानात येते. वर्गात तीस मुले आहेत असे धरा आणि त्यांच्या आईवडिलांना एकेक करून बाजूला घेऊन विचारा. पहिली आई सांगेल की आमचे काही नाही, पण लोक काय म्हणतील. दुसरे वडील सांगतील की आम्ही सुधारक विचारांचे आहोत, पण सगळेच तसे नसतात. तिसरे सांगतील की आमच्या मुलीला उलट चांगलेच वळण लागेल, पण दुसऱ्यांच्या मुलांचे सांगवत नाही. तीस घरे संपली की तुमच्या हाती जे येते ते असे की हरकत आहे, सर्वांच्या मते आहे, आणि ती घेणारा एकही मनुष्य नाही. प्रत्येकाने दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली आहे आणि तो दुसराही तिसऱ्याच्या खांद्याआड उभा आहे. खरी गोष्ट अशी की संचालकांनी कोणालाही विचारलेच नव्हते. मुलाचे आजोबा त्यांना भेटावयास गेले आणि, ‘साहेब, त्या पालकांची नावे तेवढी सांगा, मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन नातवाची ओळख करून देतो,’ असे त्यांनी नम्रपणे सांगितले, तेव्हा नावे सांगता येणार नाहीत, असे उत्तर मिळाले. जी नावे अस्तित्वातच नाहीत ती कोणास सांगता येणार?

आणि समजा, असे दोन-चार पालक खरोखरच निघाले, तरी काय? ही सबब आपल्या प्रांताला नवी नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला, तेव्हा मुंबई सरकारने तो नामंजूर करताना जे कारण दिले त्याचा आशय हाच होता: एका मुलाला न्याय द्यावयास जावे तर बाकीच्या बहुसंख्य लोकांना ती शाळा निरुपयोगी होईल. सरकारची स्वतःची हरकत तेव्हाही नव्हती. त्या मुलावरील अन्यायामागे शतकानुशतकांची समाजरचना होती, या मुलावरील अन्यायामागे तशी नाही, म्हणून ही दोन दुःखे एका तागडीत घालण्याचा अविचार मी करणार नाही. परंतु सबब तीच आहे, शब्दसुद्धा जवळजवळ तेच आहेत. ज्या शिवाजी पार्कापासून चैत्यभूमी हाकेच्या अंतरावर आहे, तेथे तरी ती उच्चारताना जीभ अडखळावयास हवी होती.

रविवारी सायंकाळी मी कट्ट्यावर बसलो असताना तो मुलगा आजोबांचे बोट धरून झोपाळ्यांपाशी आला. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. घोट्यापर्यंत चढणारे, आतून आधार दिलेले त्याचे बूट ठळकपणे दिसतात, कारण या मुलांचे स्नायू जन्मतः शिथिल असतात आणि इतरांना आपोआप येणाऱ्या गोष्टी, म्हणजे मान धरणे, बसणे, उभे राहणे, चमचा तोंडापर्यंत नेणे, या सर्व त्यांना व्यायामाने एकेक करून कमवाव्या लागतात. तो रांगेत उभा राहिला. तेथील मुलांनी आपसांत एक कायदा केलेला आहे: दहा झोके झाले की उतरावयाचे आणि आकडे ज्याचे त्याने मोठ्याने मोजावयाचे. त्याची पाळी आली, एका मोठ्या मुलाने त्याला वर बसविले आणि तो मोजू लागला: एक, दोन, चार, आठ, दहा, आणि प्रामाणिकपणे खाली उतरला. त्याबरोबर दोन वेण्या घातलेल्या एका सहा-सात वर्षांच्या मुलीने जोराची हरकत घेतली. ‘ए, तुझे पाचच झाले! परत बस!’ असे म्हणून तिने त्याला पुन्हा बसविले आणि उरलेले पाच झोके स्वतः मोजून पुरे करून घेतले. त्या सबंध सायंकाळी त्या मुलासंबंधी घेतली गेलेली हरकत ती एवढीच, आणि घेणारी मुलगी सर्वांसमक्ष उभी होती.

या मुलांच्या घरी काय चालते याची बाहेरच्यांना फारशी कल्पना नसते. अशा मुलांपैकी सुमारे निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. याच्याही होता, आणि ज्या वयात इतर बाळांची बारशाची छायाचित्रे नातेवाइकांना दाखविण्यात येतात त्या वयात याची आई शस्त्रक्रियागाराच्या बाहेर बाकावर बसलेली होती. पुढे थायरॉइडची तपासणी, कानांची तपासणी, डोळ्यांची तपासणी. सकाळी कचेरीची गाडी पकडण्यापूर्वी व्यायामाची अर्धी घटका, संध्याकाळी परतल्यावर बोलण्याचा सराव, त्यासाठी ओठांचा चंबू करून साबणाचे फुगे उडविणे, आणि या सर्वांवर कडी म्हणजे नातलगांची चौकशी. ग्रहणात भाजी चिरली होती काय, तुमच्या माहेरी असे कोणी होते काय, हे प्रश्न त्या बाईंना आजही विचारले जातात, आणि बापाला ते कोणी विचारीत नाही. जॉन लँग्डन डाउन या इंग्रज वैद्याने १८६६ साली या अवस्थेचे वर्णन केले; पण तिचे कारण उजेडात यावयास १९५९ साल उजाडावे लागले. झेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी दाखवून दिले की या मुलांच्या पेशींत गुणसूत्रे शेहेचाळीसऐवजी सत्तेचाळीस असतात, एकविसावे गुणसूत्र एक जास्त असते. बहुतेक वेळा ही घडामोड पेशीविभाजनातल्या योगायोगाने होते. आईचे वय वाढते तशी तिची शक्यता वाढते हे खरे, तथापि बहुसंख्य बाळंतपणे तरुण वयातलीच असल्यामुळे अशी पुष्कळ मुले तरुण आयांच्याच पोटी जन्मतात. ग्रहणाचा आणि विळीचा तिच्याशी यत्किंचितही संबंध नाही, आणि सुनेच्या माहेराचाही बहुतेक वेळा नसतो. ही साधी माहिती सासरच्या मंडळींनी समजून घेतली असती तरी कित्येक आयांच्या डोळ्यांतले पाणी वाचले असते.

आपल्याच शहरात या बाबतीत काय घडलेले आहे याचे विस्मरण तर मला अधिक बोचते. परळच्या पुढे शिवडीच्या टेकडीवर जय वकील शाळा आहे. तिचा उगम १९४४ सालातला. महायुद्ध चालू, धान्य शिधापत्रिकेवर, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गोदीतल्या स्फोटाने मुंबई हादरलेली. आणि त्या मुंबईत जय वकील आणि त्यांचे पती या पारशी दांपत्याने, डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या दीना या मुलीसाठी आणि तिच्यासारख्या आणखी काही मुलांसाठी राहत्या घरी वर्ग सुरू केला. गुणसूत्रांचा उलगडा होण्यास तेव्हा पंधरा वर्षे अवकाश होता. पाठीशी कायदा नव्हता, आणि औषधोपचारांची स्थिती अशी की ही मुले फार काळ जगत नाहीत असाच समज होता. पाश्चात्त्य देशांतसुद्धा त्यांचे सरासरी आयुर्मान १९८०च्या सुमारास पंचविशीच्या आसपास होते, ते आज साठीपर्यंत पोहोचले आहे. त्या दांपत्याने बाकीच्या पालकांना विचारले ते एवढ्याचसाठी की तुमच्या घरी असे मूल असेल तर त्यालाही पाठवा.

अशीच माणसे प्रत्यक्ष शिवाजी पार्कावरही आहेत. श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी आयुष्यभर मल्लखांब शिकविला, अंध आणि दिव्यांग मुलांनाही शिकविला, आणि २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सबंध दादरने आनंद मानला. गुळगुळीत, तेल लावलेल्या लाकडी खांबावर दृष्टी नसलेल्या मुलाला चढविता येते, तर कागदाची होडी करणाऱ्या आणि मातीचे गणपती रंगविणाऱ्या एका उन्हाळी वर्गाला चार-साडेचार वर्षांचे एक मूल सांभाळता येत नाही, यावर विश्वास ठेवावयास मी तयार नाही.

येथे माझ्या दुसऱ्या जुन्या तक्रारीकडे मला वळावेच लागते. ती म्हणजे समारंभ. गेल्या २१ मार्चला, जागतिक डाउन सिंड्रोम दिनी, गावोगावी व्यासपीठे उभारली गेली, ध्वनिक्षेपक लागले, दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून छायाचित्रे निघाली, या मुलांना शाली आणि श्रीफळे देण्यात आली. शालीचे त्या मुलाने काय करावयाचे? पुण्याच्या गौरी गाडगीळ या जलतरणपटूच्या जीवनावरचा ‘यलो’ हा चित्रपट २०१४ साली आला, तिने त्यात स्वतःची भूमिका केली, राष्ट्रीय पुरस्कारांत तिची विशेष दखल घेतली गेली आणि प्रेक्षक डोळे पुसत चित्रपटगृहाबाहेर पडले. हे सर्व योग्यच झाले. परंतु गौरी पोहू शकली ती आधी कोणीतरी तिला तलावात उतरू दिले म्हणून, आणि ज्या दिवशी तिला उतरू दिले गेले त्या दिवशी तेथे ध्वनिक्षेपक नव्हता. वर्षातून एक दिवस सत्कार करावयाचा आणि उरलेल्या दिवसांत फी परत करावयाची, असा हिशेब आपण बसविलेला आहे. मला विचाराल तर सत्कार बंद करावेत आणि तो खर्च झोपाळ्यांच्या तुटलेल्या साखळ्यांवर करावा.

कायदा काय म्हणतो, असे मला दोघा-तिघांनी विचारले. २०१६च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचे सोळावे कलम सरकारी अनुदान वा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांना बजावते की दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्या आणि खेळ व मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने द्या. त्या कलमात बाकीच्या पालकांच्या संमतीचा उल्लेख नाही. खाजगी उन्हाळी वर्ग त्या कलमाच्या कक्षेत येतो किंवा नाही याचा कीस वकील पाडतील, आणि निकाल लागेपर्यंत हे मूल मिसरूड फुटण्याच्या वयाचे होईल. तो मार्ग ज्यांना धरावयाचा असेल त्यांनी जरूर धरावा; मला त्याहून जवळचा एक मार्ग दिसतो.

त्या वर्गात ज्यांनी आपली मुले घातली आहेत ते बाकीचे पालक म्हणजे या स्तंभाचे वाचकच आहेत. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे की त्यांनी एका कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहाव्यात: आमच्या नावाने सांगितली गेलेली हरकत आमची नाही, आणि त्या मुलाला वर्गात घ्यावे. खाली नाव, पत्ता, तारीख आणि सही घालावी आणि तो कागद संचालकांच्या हाती स्वतः नेऊन द्यावा. ज्यांची हरकत खरोखरच असेल त्यांनीही तशीच सहीनिशी कळवावी. त्यांच्याशी बोलण्यास आजोबा अजूनही तयार आहेत. वर्ग येत्या सोमवारी सुरू होत आहे, आणि माझ्या चौकशीप्रमाणे ती जागा अद्याप दुसऱ्या कोणाला दिलेली नाही.