मैत्रीत कसला कागद?

पुन्हा तेच. कॉलेजातले चार मित्र, चौघांनी काढलेली प्रॉडक्ट डिझाइनची कंपनी आणि आता एकमेकांना वकिलांच्या नोटिसा. मला चीड आली ती या भांडणातल्या एका वाक्याची : ‘मैत्रीत कसला आलाय कागद?’

हीच मंडळी गोव्याला गेली की वडापावचे पैसेसुद्धा अ‍ॅपवर चौघांत वाटतात. खोलीचं भाडं, सिलिंडर, मेसचा डबा, सगळं रुपयापर्यंत लिहिलेलं असतं आणि त्याने कुणी दुखावत नाही. कंपनीतला हिस्सा लिहायची वेळ आली की मात्र मैत्री एकाएकी नाजूक होते. आणि हे वाक्य म्हणतं कोण, तेही बघा. ज्याच्या नावावर शेअर आहेत, ज्याच्या सहीने चेक वटतो, तो. ज्याने रात्र रात्र जागून फोमची मॉडेलं कापली, भोसरीच्या टूलरूममध्ये साच्यापाशी ताटकळत उभा राहिला, तो संकोचाने गप्प बसतो. त्याच्या संकोचावर दुसऱ्याची मालकी पोसली जाते. ही मैत्री नव्हे, लबाडी आहे.

‘वेळच नव्हता’ हेही सांगून झालं. फोटोला वेळ होता. सारखे काळे टी-शर्ट घालून, हाताची घडी घालून काढलेले ते फोटो मला सहन होत नाहीत. फोटोत चौघे, भागधारकांच्या नोंदवहीत दोघे.

कागद केला नाही म्हणून कायदा थांबत नाही. कंपनी न नोंदवता नुसती भागीदारी केली, तर 1932 चा भागीदारी कायदा सांगतो, करार नसेल तर नफा-तोटा समान आणि कामाचा मोबदला वेगळा मागायचा नाही. दुप्पट राबणाऱ्यालाही तेवढंच. 2000 च्या डिझाइन कायद्याने नोंदणी केली, तर 10 वर्षं आणि वाढवून घेतली तर आणखी 5 वर्षं हक्क मिळतो. तो नोंदलेल्या मालकाला, फोटोतल्या चौघांना नव्हे.

एचपी कंपनी काढणारे ह्यूलेट आणि पॅकार्ड हेही स्टॅनफर्डमध्ये एकत्र शिकलेले मित्र. पालो आल्टोतलं गॅरेज, 538 डॉलर भांडवल. तरी 1 जानेवारी 1939 ला त्यांनी रीतसर भागीदारी केली. कुणाचं नाव आधी, हेसुद्धा नाणं उडवून समोरासमोर ठरवलं. त्यांची मैत्री जन्मभर टिकली.

कंपनीचं सोडा, साध्या ड्रॉइंगच्याही कोपऱ्यातल्या चौकटीत कुणी काढलं, कुणी तपासलं आणि तारीख लिहावी, हा माझा जुना हट्ट आहे. ज्याचे श्रम, त्याचं नाव. मित्र असेल तर आधी त्याचं.

कागद केला म्हणजे मित्र टिकेलच असं नाही. पैसा आल्यावर माणसं बदलतात, त्याला काय करणार! पण सही मागितल्यावर जो मित्र रुसतो, त्याने पहिल्याच दिवशी आपली किंमत सांगितली. कंपनी त्याच्याशिवाय काढावी.